मिर्झाराजे जयसिंग: आपल्याकडचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुरंदरच्या तहाचा विषय निघाला की साताऱ्या-सांगलीकडच्या गप्पांत मिर्झाराजे जयसिंगाचे हमखास दोन तुकडे होतात. कुणी म्हणतं तो धर्मद्रोही, तर कुणी म्हणतं मनातून तो शिवाजी महाराजांचाच. त्याचा पत्रव्यवहार हाताशी असताना अशा तर्कांवर थांबण्याची गरज नाही.

आधी एक घोळ निस्तरू. जयपूर वसवणारा आणि जंतरमंतर बांधणारा जयसिंग हा नव्हे. तो सवाई जयसिंग, या मिर्झाराजाचा खापरपणतू. सातारच्या शाहू महाराजांकडं वकील पाठवणाराही तोच. आपला मिर्झाराजा 1611 साली जन्मला आणि दहाव्या वर्षाच्या आसपास आमेरच्या गादीवर बसला.

गैरसमज: तो स्वतंत्र राजा होता आणि नाइलाजानं मोगलांकडून लढला.
आमेरचं कछवाह घराणं अकबराच्या काळापासून मोगलांच्या चाकरीत होतं. जयसिंगानं जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब अशा तिघांची चाकरी केली. ‘मिर्झाराजा’ हा किताब शाहजहाननं दिलेला. गादी, मनसब, मुलाबाळांचं भवितव्य, सगळं त्या चाकरीवर अवलंबून होतं आणि ती त्यानं आयुष्यभर मन लावून केली. पुरंदरच्या वेळी त्याची पन्नाशी उलटली होती. दरबारातल्या सर्वांत अनुभवी सेनापतींत त्याची गणना होत होती.

गैरसमज: पुरंदरच्या तहात आपला सगळा मुलूख गेला, साताराही गेला.
ही समजूत नकाशा न बघितल्यानं टिकून आहे. 1665 च्या जूनमध्ये औरंगजेबाचा सेनापती म्हणून आलेल्या जयसिंगाशी झालेल्या तहात महाराजांनी 23 किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला, तर 12 किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राखला. पुरंदर, वज्रगड, कोंढाणा, लोहगड, माहुली गेले. राजगड, तोरणा, रायगड राहिले. साताऱ्याचा अजिंक्यतारा या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो तेव्हा आदिलशाहीत होता. महाराजांनी तो घेतला 1673 साली. मिरजेचा भुईकोटही विजापूरकरांचाच होता. 1660 साली महाराजांनी त्याला वेढा घातला होता, पण तो हाती आला नव्हता.

आपल्या मुलुखाचा या प्रकरणाशी खरा संबंध आला तो तहानंतर. नोव्हेंबर 1665 मध्ये जयसिंग विजापूरवर निघाला आणि ठरल्याप्रमाणे महाराज दोन हजार स्वार व सात हजार पायदळ घेऊन त्याच्या फौजेत सामील झाले. डिसेंबरात फलटण पडलं, मग ताथवडा, पुढं खटाव, मंगळवेढा. फलटण म्हणजे महाराजांच्या पत्नी सईबाईंचं माहेर. तहाचं ओझं किती होतं ते किल्ल्यांच्या आकड्यांपेक्षा इथं जास्त कळतं. आज ताथवड्याचा संतोषगड चढणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की एकदा महाराज या गडावर मोगलांच्या बाजूनं चालून आले होते?

विजापूर मात्र पडलं नाही. शहराच्या जवळ पोचूनही जानेवारी 1666 मध्ये जयसिंगाला माघारी फिरावं लागलं. त्याच महिन्यात पन्हाळ्यावरचा महाराजांचा हल्लाही फसला. त्यानंतर महाराजांचे सरनौबत नेताजी पालकर विजापूरकरांना जाऊन मिळाले, तेव्हा जयसिंगानं मनसब आणि रोख रक्कम देऊन त्यांना मोगलांकडं ओढलं.

गैरसमज: आग्र्याहून सुटायला त्यानं आतून मदत केली.
या समजुतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. महाराज त्याच्या शब्दावर औरंगजेबाच्या भेटीला आग्र्याला गेले, तिथं नजरकैदेत अडकले आणि त्याचा मुलगा रामसिंग त्यांना जामीन राहिला. राजपुताचा शब्द म्हणून बापलेकांनी तो पाळण्याची धडपड केली, याबद्दल शंका नको. पण 17 ऑगस्ट 1666 ला महाराज निसटल्यावर जयसिंगानं वजीर जाफरखानाला लिहिलेलं पत्र वाचलं की आतून मदतीची कल्पना टिकत नाही. शिवाजीला आपल्या भेटीला आणवावं आणि वाटेत आपल्या माणसांकरवी त्याचा काटा काढावा, असा बेत त्यात आहे. त्यासाठी शिवाजीच्या मुलीशी आपल्या मुलाचं लग्न ठरवण्याचं आमिष दाखवायचीही त्याची तयारी होती, आणि शिवाजीचं कुळ आपल्याहून हलकं आहे हेही तो त्याच पत्रात नोंदवतो. मला तरी या पत्रात महाराजांचा गुप्त हितचिंतक कुठं सापडत नाही. दिसतो तो बादशहाची मर्जी सांभाळायला निघालेला, धास्तावलेला जुना चाकर.

गैरसमज: औरंगजेबानं त्याला विष घातलं, हे सिद्ध आहे.
ही बोलवा जुनी आहे, पण सिद्ध झालेली नाही. निश्चित आहे ते एवढं: विजापूरच्या अपयशाचं खापर त्याच्या माथी फुटलं, स्वतःच्या पदरचा मोठा पैसा त्या मोहिमेत बुडाला, 1667 मध्ये त्याच्या जागी शहजादा मुअज्जम दख्खनमध्ये आला आणि उत्तरेकडं परतताना त्याच वर्षी बऱ्हाणपुरात जयसिंग वारला. रामसिंगाला पुढं आसामच्या मोहिमेवर धाडण्यात आलं. तिथं 1671 साली सराईघाटावर आहोम सेनापती लाचित बडफुकननं त्याचा पराभव केला.