सोयाबीन गेलं, तरी सगळं जात नाही!

पावसाने दडी मारली की वऱ्हाडात काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. दुबार पेरणी, विहिरीने गाठलेला तळ आणि मग कामासाठी धरलेली शहराची वाट. या वाटेवर सगळ्यात आधी निघतात ते जंगलाच्या काठावरचे लोक, कारण त्यांच्याकडे शेत आधीच तुटपुंजं!

पण एका गावाने वेगळी वाट काढलीय. आपल्या मूर्तिजापूरहून 'शकुंतला' जिथवर धावायची, त्या अचलपूरच्या तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. नाव पायविहीर.

गावाशेजारचा डोंगर उजाड झाला होता. पाऊस पडायचा, पण माती घेऊन वाहून जायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेने सामूहिक हक्क मागितला आणि २०१२ मध्ये १९२ हेक्टर जंगलाचा कारभार गावाकडे आला. मग नियमही गावानेच ठरवले. चराईला आळा, कुऱ्हाडीला बंदी, जंगलावर पहारा. उतारावर चर खणले, रोपं लावली. रोजगार हमीमुळे मजुरीही गावातच मिळाली. २०१४ मध्ये या कामाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. इथली सीताफळं तर 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने थेट मुंबईत विकली गेली.

यात दुष्काळाचं उत्तर कुठे आहे? कॅलेंडर बघा. तेंदूपत्ता भर उन्हाळ्यात, सीताफळ दिवाळीच्या सुमारास. कमाईची दारं दोन-तीन झाली, की एक पीक बुडालं म्हणून घर बुडत नाही. अर्थात, जंगल म्हणजे जादू नव्हे. पाऊस कमी झाला तर सीताफळही कमीच येणार, आणि उन्हाळ्यातल्या एका वणव्यात कित्येक वर्षांची मेहनत राख होऊ शकते. पण हात टेकण्याआधी थोडी उसंत मिळते, हे काय कमी आहे?

'आमच्याकडे कुठंय जंगल?' असं म्हणू नका. अचलपूरकडून येणाऱ्या सापन-बिच्छनचं पाणी शेवटी आपल्या पूर्णेलाच मिळतं. खारपाण पट्ट्यात गोड्या पाण्याची किंमत तुम्हाला ठाऊक आहेच.

आता सुट्टीत गावी जाल, तेव्हा एवढंच विचारा: आपल्या ग्रामसभेची वनहक्क समिती आहे का? सामूहिक दावा केलाय का? नकाशा वाचणं, अर्ज लिहिणं, जुनी कागदपत्रं शोधणं, ही कामं कॉलेजच्या पोरापोरींना सहज जमतात. गावात त्यासाठीच माणसं कमी पडतात!