लातूरला जाणारांसाठी

आपल्यापैकी पुष्कळांनी लातूर नुसते एस.टी.च्या खिडकीतून पाहिले आहे. मी मागच्या वर्षी वडिलांबरोबर टेम्पोत तूर घेऊन गेले होते, म्हणून लिहिते.

शहराच्या मधोमध गंजगोलाई आहे. फैयाजुद्दीन या नगररचनाकारांनी तिचा आराखडा केला. पाया १९१७ साली घातला. मधे गोल इमारत, तिच्यात अंबाबाईचे देऊळ, आणि भोवती बैलगाडीच्या चाकाला आरे असावेत तसे १६ रस्ते. कुठे सोने, कुठे चपला, कुठे गूळ. नवा माणूस इथे हमखास चुकतो. मीही चुकले. वडील सुतळी घेत होते, मी बांगड्या बघत पुढे गेले आणि सगळे रस्ते सारखेच दिसू लागले. रडूच आले. एक म्हातारी म्हणाली, "रडू नको माय. देवळाकडं तोंड कर आन् चाल." गोलाईत पोचल्यावर मिरचीचा ठसका लागला. आम्ही त्याच रस्त्याने आलो होतो! वडील तिथेच शोधत होते. आधी धपाटा मिळाला, मग भजी.

लातूर हे डाळीचे आणि तेलाचे शहर. आडतीवर आमची तूर विकल्यावर एका हमालकाकांनी मला डाळ मिल दाखवली. तूर आधी चाळतात. मग खरबरीत रोळात घासून सालीला चिरा पाडतात. तेल चोळून, पाणी लावून वाळवतात, म्हणजे साल सुटते आणि यंत्रात दाण्याच्या दोन फाका होतात. आई जात्यावर भरडते तेच, पण पोत्यांनी! उरलेली साल आणि कणी म्हणजे चुनी.

किराणा दुकानात डाळीचा भाव ऐकून वडील गप्प का होतात, ते मला तिथे कळले. म्हणाले, "आपण तूर इकतो आन् डाळ इकत घेतो."

हरंगुळजवळ रेल्वेडब्यांचा कारखाना आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आम्हाला भिंतच दिसली.

मुक्काम आत्याकडे केला. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. तेव्हापासून आत्या पाहुण्याला तांब्या अर्धाच भरून देते. लागले तर पुन्हा मागायचे, लाजायचे नाही.

येताना त्याच टेम्पोत आम्ही म्हशीसाठी चुनीचे पोते आणले. मी त्यावरच बसले होते.

(इयत्ता सातवी)