घराचा केसपेपर

आमच्या विटा-खानापूर भागातल्या जुन्या दवाखान्यांमध्ये केसपेपर घराच्या नावानं असायचा. जाड पुठ्ठ्याचं कार्ड, वर गाव, मळा किंवा गल्ली आणि घरकर्त्याचं नाव. खाली ज्याला जेव्हा काही झालं त्याची ओळ: आजीचं बीपी, धाकट्याचा गोवर, सुनेचा तिसरा महिना, पुतण्याला कुत्रं चावलं. लेंगरे, भाळवणी, आळसंद अशा गावांच्या क्रमानं कार्डं लाकडी खणांत लावलेली असत. 1998 साली मी दवाखाना चालवायला घेतला तेव्हा असे खण मला आयते मिळाले. त्यानंतरच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत दवाखान्यात संगणक आला, मोबाइल आला, क्यूआर कोड आला. या सगळ्यात काय सुधारलं, हे तपासताना मी त्या कार्डाचंच माप लावतो. घर एका नजरेत दिसतं का?

हे माप जुन्या आठवणींच्या मायेपोटी आलेलं नाही. फॅमिली डॉक्टरच्या कामाचा अर्धा भाग घर वाचण्यातच असतो. खरूज एकट्याची कधीच नसते. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लावलं नाही, तर महिन्याभरात तोच मुलगा खाजवत परत येतो. एका घरात लागोपाठ दोघांना कावीळ झाली की पाणी कुठून भरता, हे विचारावं लागतं. पोराचा ताप लांबला आणि त्याच कार्डावर दोन महिन्यांपूर्वी चुलत्याच्या खोकल्याची नोंद दिसली, की हात आपोआप क्षयाच्या तपासणीच्या चिठ्ठीकडे जातो. ही जोडणी कार्ड स्वतःच करून देत असे.

संगणक दवाखान्यात शिरला तो बिलाच्या वाटेनं. मोठ्या रुग्णालयांसाठी लिहिलेले प्रोग्रॅम छाटून छोट्या डॉक्टरांना विकले जात. रुग्णालयात माणूस दाखल होतो, बरा होतो, घरी जातो. म्हणून त्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक माणसाला एक क्रमांक आणि प्रत्येक भेटीला एक पावती असे. एका घरातली सहा माणसं सहा वेगळ्या क्रमांकांवर विखुरली. आडनाव टाकून शोधावं, तर अर्धं गाव एकाच आडनावाचं. 2002 मध्ये मेडिकल कौन्सिलची आचारसंहिता आली. रुग्णानं नोंदी मागितल्या तर 72 तासांत द्याव्यात आणि त्या संगणकावर ठेवण्याचा प्रयत्न करावा, असं तिच्यात म्हटलं होतं. नोंद संगणकात कशासाठी हवी, तर ती लवकर सापडावी म्हणून. आमच्याकडे मात्र पुढची काही वर्षं सगळ्यात लवकर कार्डच सापडत राहिलं. 2005 नंतरच्या भारनियमनात ग्रामीण भागातली वीज रोज तासन्‌तास जायची आणि इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडला जायचा तो लशीच्या फ्रिजला.

तरी त्या पहिल्या संगणकानं एक काम असं केलं की त्याचे उपकार मी मानतो. त्यानं औषध कसं घ्यायचं ते मराठीत आणि ठळक अक्षरांत छापून दिलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एवढ्यावर ते जमलं. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल लोक हसतात, पण त्या अक्षरापायी जीव जाऊ शकतो. संधिवातात देतात ती मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर रक्तपेशी तयार होणं थांबतं आणि माणूस दगावू शकतो. 'फक्त सोमवारी, आठवड्यातून एकदाच' ही ओळ मोठ्या मराठी अक्षरांत हातात पडली की घरातला शाळकरी नातूही आजीची गोळी चुकू देत नाही. औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, हा नियम 2016 मध्ये आला. पण इंग्रजी मोठी अक्षरं औषध दुकानदारासाठी असतात. घरच्यांसाठी मराठी ओळ लागते, आणि ती आजही बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही, किंवा आहे ती 'जेवण नंतर घेणे' अशी मोडकीतोडकी.

मग मोबाइल आला. 2003 मध्ये येणारे फोन फुकट झाले आणि बघता बघता घरोघरी एक हँडसेट दिसू लागला. घरटी एकच, बहुधा कर्त्याच्या खिशात. केसपेपरवर तो क्रमांक लिहायला लागल्यावर एक गंमत लक्षात आली. संगणकात क्रमांक टाकून शोधलं की त्यावर नोंदलेली सगळी माणसं एकाखाली एक येत. विखुरलेलं घर पुन्हा गोळा झालं. कुणा प्रोग्रॅमरनं ते ठरवून केलं नव्हतं. एका फोनवर पाच जण असण्याची लोकांची रीतच तशी होती. पुढे 2021 मध्ये लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर सुरुवातीला एका मोबाइलवर चार जणांची आणि 2022 पासून सहा जणांची नोंद होऊ लागली, तेव्हा देशभराच्या व्यवस्थेनंही हीच रीत मान्य केली.

आमच्या भागात या क्रमांकाचं मोल जास्त. खानापूर-आटपाडीतली हजारो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. तमिळनाडू, केरळ, आंध्रापासून दिल्लीपर्यंत सराफ बाजारांत आमची माणसं जुनं सोनं गाळून शुद्ध करतात. मुलगा कोइमतूरला, सून-नातवंडं त्याच्याजवळ, आई-वडील गावी मळ्यात. जत्रेला आणि दिवाळीला सगळे एकत्र येतात आणि जाताना दवाखान्यात सांगून जातात, "डॉक्टर, मी तिकडं हाय, आईकडं तेवढं बघा." इथलं घर एका छपराखाली कधीच मावलेलं नाही. माणसागणिक भेटी नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरला कोइमतूरचा मुलगा दिसतच नाही. पण आईच्या इन्शुलिनचा निर्णय तोच घेतो.

2008 मध्ये बंगळुरूत प्रॅक्टो सुरू झालं आणि त्यानंतर क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरची रीघ लागली. विकायला येणारे तरुण अपॉइंटमेंटचं कोष्टक आधी दाखवत: सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा. तालुक्याच्या गावात माणूस एसटीच्या वेळेनं येतो आणि आठवडी बाजाराच्या दिवशी चौपट येतो. आमच्याकडे चाललं ते नंबर लावणं. पूर्वी त्यासाठी पहाटे येऊन ओट्यावर बसावं लागे. फोनवरून नंबर घेण्याची सोय केली, नंतर व्हॉट्सअॅपवर 'आता अमुक नंबर आत आहे' एवढा संदेश जायला लागला आणि ओटा मोकळा झाला. गरोदर बाई बाजारातली कामं उरकून आपल्या नंबराला येऊ लागली. आजवर मी जेवढा पैसा यंत्रांवर घातला, त्यात लोकांच्या हालअपेष्टा सर्वांत जास्त कमी केल्या त्या या जवळपास फुकटच्या सोयीनं.

संगणकाची खरी ताकद कळायला मात्र मला उशिरापर्यंत थांबावं लागलं, आणि ती कळली सरकारी दवाखान्यांकडे बघून. 2017 च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांमध्ये आमच्या शेजारचा सातारा होता. तिथल्या आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर 'सिंपल' नावाच्या अॅपमध्ये नोंद करायच्या: रुग्णाच्या हातातल्या कार्डावरचा कोड, आजचं बीपी, चालू गोळ्या, पुढची तारीख. जवळजवळ एवढंच. नेट नसलं तरी चालायचं. बदल्यात अॅप एक यादी द्यायचं, ठरल्या तारखेला न आलेल्यांची.

समोर बसलेल्या पेशंटसाठी कार्ड पुरेसं असतं. त्याच्याकडे बघत दोन ओळी लिहिता येतात. न आलेला पेशंट कार्डाला दाखवता येत नाही. ते खणात गप्प पडून राहतं आणि वर्षभरानं कळतं की त्या माणसाला अर्धांगाचा झटका आला. बीपी दुखत नाही म्हणून गोळी बंद होते. हे सगळे डॉक्टर जाणतात, पण बंद कुणाची झाली हे कुणाकडे लिहिलेलं नसतं. आम्ही आमच्या सॉफ्टवेअरमधले निम्म्याहून जास्त रकाने भरणं सोडून दिलं आणि ही यादी तेवढी चालू ठेवली. दर शनिवारी रिसेप्शनवरच्या ताई फोन करतात. कारणं ऐकण्यासारखी असतात: लेकीच्या बाळंतपणाला गेले, ऊस तुटायला आला होता, मुलाकडे केरळात आहे आणि गोळ्या तिकडे दुसऱ्या नावाच्या मिळाल्या. शेवटच्या कारणासाठी गोळीचं मूळ नाव लिहून पाठवलं की काम होतं. डॉक्टरनं टाइप करण्यात घालवलेला वेळ पेशंटच्या वाट्यातून जातो, म्हणून कमी रकाने भरणारी पद्धत चांगली, हे माझं मत तेव्हापासून पक्कं झालं.

क्षयरोगाच्या नोंदणीनं घर पुन्हा मध्यभागी आणलं. मे 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयाचा प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक झालं आणि त्याच वर्षी निक्षय पोर्टल आलं. सुरुवातीला डॉक्टरांची कुरबुर खूप होती. पेशंट आपल्या हातातून जाईल, गावात बोभाटा होईल. 2018 पासून रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी महिना 500 रुपये येऊ लागले, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले, तशी कुरबुर ओसरली. माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळी. 2021 च्या मार्गदर्शक सूचनांपासून प्रतिबंधक उपचाराचा विचार घरातल्या सर्वांसाठी होऊ लागला. पूर्वी भर लहान मुलांवर होता. म्हणजे पोर्टलवरचा रुग्ण एक, पण काम अख्ख्या घराचं. आशाताई असंसर्गजन्य आजारांच्या पाहणीत कुटुंबाचं फोल्डर भरतात, तेही असंच. सरकारी आरोग्यव्यवस्थेनं घर कधी सोडलं नव्हतं. ते सोडलं खासगी सॉफ्टवेअरनं.

नोटबंदी आणि यूपीआयबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फी द्यायला सुट्टे नसणं संपलं, आणि आईची फी कोइमतूरहून येऊ लागली.

25 मार्च 2020 ला, देश बंद झाला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनचे नियम आले. तोवर फोनवर औषध सांगणं हे प्रत्येक डॉक्टर करत होता आणि प्रत्येक जण कचरत होता. नियमांनी ते उजेडात आणलं. कोणती औषधं नुसत्या बोलण्यावर देता येतील, कोणती पहिल्या वेळी व्हिडिओवर बघूनच, कोणती फक्त जुन्या पेशंटला, आणि अमली पदार्थांच्या वर्गातली कधीच नाहीत, हे वर्ग पाडून सांगितलं. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं कलम काळजीवाहकाचं. पेशंटच्या वतीनं दुसरं कुणी बोलू शकतं. त्यासाठी अधिकारपत्र किंवा नात्याचा पुरावा हवा, नाहीतर आधीच्या प्रत्यक्ष भेटीत पेशंटनंच त्या माणसाला मान्यता दिलेली हवी. कोइमतूरच्या मुलाला पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत जागा मिळाली. कोविडच्या दोन लाटांत आम्ही घराघराचे व्हॉट्सअॅप गट केले. सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटरच्या आकड्यांचे फोटो यायचे. एका घरातल्या पाच जणांचे आकडे एकाखाली एक दिसत असल्यामुळे घसरणारा माणूस चटकन नजरेत भरायचा.

पण याच गटांनी घराच्या केसपेपरची दुसरी बाजूही समोर आणली. जुन्या कार्डावर सुनेचा गर्भपात आणि सासऱ्याची साखर एकाच पानावर असायची. कार्ड डॉक्टरच्या हातात राहायचं म्हणून निभावलं. मोबाइलवर तसं राहत नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट नोंदलेल्या क्रमांकावर जातो आणि तो क्रमांक बहुधा सासऱ्याचा किंवा नवऱ्याचा. मुलगी गरोदर आहे का, तिला मानसिक आजाराची गोळी चालू आहे का, कुणाची एचआयव्ही तपासणी झाली का, हे घराला तिच्याआधी कळू शकतं. 2017 चे एचआयव्ही आणि मानसिक आरोग्याचे कायदे, 2021 ची गर्भपात कायद्यातली दुरुस्ती, सगळ्यांत गुप्ततेची सक्ती आहे आणि ती योग्यच आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा 14 अंकी आभा क्रमांक माणसागणिक आहे आणि संमतीशिवाय नोंद पुढे जात नाही, याचं मला म्हणूनच समाधान वाटतं. घर डॉक्टरला दिसलं पाहिजे. घरातल्या प्रत्येकाला सगळं दिसता कामा नये. ही दोन वाक्यं एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवणं फारसं अवघड नाही. मात्र, विकणाऱ्याला ते विचारावं लागतं.

आमच्या दवाखान्यात आता प्रत्येक प्रौढ पेशंटच्या नोंदीत एक रकाना आहे: कळवायचं कुणाला? तो पेशंटला एकटीला किंवा एकट्याला आत घेऊन विचारून भरला जातो. काही बाया माहेरचा क्रमांक देतात, काही जणी मैत्रिणीचा. बऱ्याच म्हणतात, फोन नको, मीच येईन. त्यांचे रिपोर्ट प्रयोगशाळेकडून थेट दवाखान्यात मागवतो. म्हाताऱ्यांच्या रकान्यात बहुतेक वेळा परमुलखातल्या मुलाचा क्रमांक असतो, कधी सुनेचा. टेलिमेडिसिनच्या नियमातली संमती तिथेच नोंदली जाते.

नवं सॉफ्टवेअर घेऊ पाहणारे तरुण डॉक्टर सल्ला विचारतात तेव्हा मी आधी दोन गोष्टी बघायला सांगतो. कंपनी बदलायची वेळ आली तर सगळा डेटा बाहेर काढता येईल का, आणि काढल्यावर एका घरातली माणसं एकमेकांशी जोडलेली राहतील का. पहिल्याला सगळे हो म्हणतात. दुसऱ्यासाठी नमुन्याची फाइल मागून घ्यावी आणि समोर उघडून बघावी. त्यात नावांची सपाट यादी निघाली, तर दर वेळी कंपनी बदलताना घरं पुन्हा हातानं जोडत बसावी लागतील, हे धरूनच सही करावी.