येलदरीतील गाळाचे गणित

परभणी शहराला पाणी पुरविणाऱ्या, पूर्णा नदीवरील येलदरी धरणाची एकूण साठवणक्षमता ९३४ दशलक्ष घनमीटर असून त्यातील सुमारे १२५ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे. सारा गाळ या मृतसाठ्यातच बसतो, हा समज मात्र भाबडा आहे. पाण्याचा वेग मंदावताच जड कण जलाशयाच्या वरच्या टोकाला, म्हणजे उपयुक्त साठ्यातच बसतात.

शेतातील धुपीचा अंदाज विश्मायर व स्मिथ यांच्या समीकरणाने बांधतात. पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उतार, पिकाचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचा त्यात गुणाकार असतो. जूनमध्ये उघड्या पडलेल्या काळ्या रानात आच्छादन जवळजवळ नसतेच. सुटलेली सारी माती धरणात पोचत नाही; बरीच बांधाला, ओढ्यात अडते. हे प्रमाण जलाशयाच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताळा घालूनच ठरवावे लागते.