रंगाखालचा ओलावा

तेल्हाऱ्यात होडी पाहायला गर्दी व्हावी, असे सहसा घडत नाही. आमचा मुलूख कापसाचा, तुरीचा, सोयाबीनचा. उत्तरेला सातपुडा, त्याच्या पायथ्याशी वारी भैरवगडचे वान धरण. आमच्या बाजूला मोठे पाणी म्हणजे तेवढेच. तरीही मार्च महिन्यातल्या एका दुपारी ट्रकवरून १८ फुटांची निळी होडी आमच्या गल्लीत उतरली आणि मदरशातून सुटलेली सगळी पोरे तिच्याभोवती जमली.

होडी माझ्या धाकट्या भावाने आणि त्याच्या तीन भागीदारांनी घेतली होती. त्यातले दोघे भोई समाजाचे, मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद. संस्थेकडे तालुक्यातला एक तलाव ठेक्याने होता. आजवर तिथे थर्माकोलच्या ताटांवर आणि ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकली जात. चौघांनी मिळून कोकणातून जुनी फायबरची होडी आणायची ठरवली. भावाच्या हिश्शाचे पैसे भाभीच्या भिशीतून आले आणि उरलेल्यासाठी तिने हातातल्या दोन बांगड्या काढून दिल्या.

होडी दिसायला नवीनच होती. ताजा रंग, चकचकीत कडा. तलावात उतरवली, पहिल्या दिवशी रोहू आणि कतलाही बऱ्यापैकी मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर होडी एका बाजूला कललेली आणि आत गुडघाभर पाणी. उपसून काठावर ओढायला गेलो, तेव्हा जी आठ माणसांनी उतरवली होती ती बारा जणांनाही हलेना. भोई भागीदारांपैकी जे वयाने मोठे होते ते काठावर बसले आणि म्हणाले, "भाऊ, हे पानी आत नाही आलं कालच्यान. हे पानी हिच्या आंगात आधीपासूनच हाय."

त्यांचे म्हणणे खरे होते.

अब्बांचा सवाल

विकणाऱ्याला फोन केला. "तुम्ही बघूनच घेतली होती ना?" एवढे बोलून त्याने विषय संपवला. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. भाऊ म्हणाला, "एक-दोन ठिकाणी लांबी भरतो, वरून रंग मारतो आणि बाहेरच्या एका तलावावर गिऱ्हाईक आहे त्याला देऊन टाकतो. आपल्यालाही तशीच विकली ना कोणीतरी!"

अब्बांचे उभे आयुष्य धान्याच्या अडतीत गेले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी ती हदीस सांगितली, जी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विकणाऱ्याने सांगितले की पावसाने भिजले आहे. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी विचारले. आणि जो फसवतो तो आपल्यातला नाही, असे बजावले.

अब्बा म्हणाले, "बेटा, कापसावर पाणी मारून वजन वाढवणाऱ्याला आपण सगळे नावे ठेवतो. आता ओल आपल्या ढिगात आहे. सांग, वर ठेवणार की खाली?"

वऱ्हाडातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कापूस खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्याचा कापूस पूर्ण भावाने घेतात, १२ टक्क्यांपर्यंत भाव कापतात, त्यापुढे गाडी परत पाठवतात. पण भिजलेल्या कापसात नुकसान पैशाचे असते. भिजलेल्या होडीत माणसे बसतात. त्या माणसांना पोहता येते की नाही, हेही विकणाऱ्याला ठाऊक नसते.

ठरले. होडी विकायची नाही, नीट करायची. आणि कधी विकायचीच वेळ आली, तर सगळे सांगून विकायची.

फायबर सडत नाही, मग बिघडते काय?

अब्बांसोबत हजला गेलेले रत्नागिरीचे एक साथी आहेत. राजिवाडा आणि मिरकरवाड्याच्या बाजूला त्यांचे सारे आयुष्य मासेमारीत गेले. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि दुरुस्तीची पाहणीही त्याच सुमाराला होते. त्यांनी फोनवर आम्हाला एकेक गोष्ट समजावली.

फायबर म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. तंतूंच्या चटईला मिस्त्री मॅट म्हणतात. मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून साच्यात एकावर एक बसवले की होडी तयार होते. बाहेरून जो गुळगुळीत थर दिसतो तो जेलकोट. हे सामान लाकडासारखे सडत नाही, लोखंडासारखे गंजत नाही. म्हणूनच १९६०च्या दशकात बांधलेल्या काही फायबर होड्या जगात आजही पाण्यावर आहेत.

पण या होडीच्या पोटात लाकूड असते. मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगतात तिच्या आत प्लायवूड असते. तळाच्या आधारपट्ट्यांतही पुष्कळदा लाकूड असते. बाकांखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षे वाळूवर ओढल्याने तळ घासतो, इंजिनाच्या हादऱ्याने बोल्टांची भोके सैल होतात, जेलकोटला केसाएवढ्या भेगा पडतात. तिथून पाणी शिरते आणि आतच राहते. लाकूड कुजते, फोम पाणी पितो, थर एकमेकांपासून सुटतात. वरून मात्र रंग मारला की होडी नवी!

पारख कशी करायची

जुनी होडी घेणाऱ्या कोणालाही उपयोगी पडतील अशा चार परीक्षा त्यांनी सांगितल्या.

पहिली, ठोकून पाहणे. रुपयाचे नाणे किंवा लहान हातोडी घेऊन वीतभर अंतरावर सगळा तळ हलक्या हाताने ठोकायचा. जिथे आवाज टणक येतो तिथे थर घट्ट आहेत. जिथे मडक्याला तडा गेल्यासारखा बद्द आवाज येतो, तिथे थर सुटले आहेत किंवा आत ओल आहे. तेवढ्या जागेवर खडूने खूण करायची.

दुसरी, इंजिनाची फळी. तिच्या वरच्या टोकाला धरून जोर लावायचा. हलली किंवा करकरली, तर आतले लाकूड गेले. बोल्ट काढून भोकात खिळा घालावा. ओला, काळा भुसा निघाला तर वेगळा पुरावा नको.

तिसरी, फोड. तळावर लहान फुगवटे दिसले तर त्यातला एक टोचून पाहावा. टोचताना डोळे जपावेत. आतून सिरक्यासारख्या वासाचे पाणी आले, तर ओल थरांत मुरली आहे.

चौथी, प्लास्टिक. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा संशयाच्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवायचा. दिवसभराच्या उन्हानंतर दुसऱ्या सकाळी आतून थेंब दिसले, तर होडी अजून वाळलेली नाही.

आमच्या होडीवर ठोकता ठोकता खडूच्या अकरा खुणा झाल्या. भाऊ त्या मोजत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता.

उन्हाळा कामाला आला

पहिले काम मनाला सर्वांत जड गेले: चांगली दिसणारी होडी कापणे. आतली जमीन कापून काढली, तेव्हा खालचा फोम पिळला की पाणी गळे असा निघाला. फळीतले प्लायवूड हाताने चुरले जात होते. कुजलेले सगळे काढले, गोड्या पाण्याने मीठ धुतले आणि होडी ताडपत्रीच्या मांडवाखाली वारा लागेल अशी उपडी ठेवली.

ज्या उन्हाला आपण एप्रिल-मेमध्ये रोज शिव्या देतो, त्यानेच इथे मदत केली. कोकणातल्या दमट हवेत जे वाळायला फार वेळ लागला असता, ते आमच्याकडे साडेतीन आठवड्यांत वाळले. प्लास्टिकच्या आत एकही थेंब दिसेना, तोवर अब्बांनी रेझिनच्या डब्याला हात लावू दिला नाही. ओल्या थरावर मारलेली मॅट धरत नाही. वाळू देण्याची सबुरी नसेल तर बाकीची सारी मेहनत वाया.

मिस्त्री अकोल्याचा. त्याचा धंदा कूलरच्या फायबर बॉडीचा, पण होडीचे काम त्याने मनापासून केले. त्याच्याकडून शिकलेल्या काही गोष्टी अशा:

तुटलेल्या जागेवर नुसते ठिगळ लावायचे नसते. भोकाच्या कडा घासून उतरत्या करायच्या. थराची जाडी जेवढी, त्याच्या बारा पट रुंदीपर्यंत उतार हवा. ६ मिलिमीटर जाडीला ७२ मिलिमीटर, म्हणजे साधारण चार बोटे. या उतारावरच नवे थर जुन्याला पकडतात. घासण्याआधी तेल आणि मेण ॲसिटोनने पुसून घ्यावे, नाहीतर घासताना ते आणखी आत भरते.

रेझिनमध्ये हार्डनर १ ते २ टक्के घालतात. आमच्या उन्हात १ टक्का, म्हणजे किलोला १० ग्रॅम पुरे. त्याहून कमी केले तर थर कच्चा राहतो. थोडे थोडेच कालवावे आणि काम पहाटे करावे. दुपारी तर डब्यातच दगड होतो. एक मॅट, एक विणलेले कापड, पुन्हा मॅट, असे थर लावून लोखंडी रोलरने हवेचे बुडबुडे बाहेर काढावेत. राहिलेला बुडबुडा म्हणजे पुढच्या पाण्याची जागा. शेवटच्या थरात मेण मिसळावे, नाहीतर पृष्ठभाग चिकटच राहतो.

फळीत नवे मरीन प्लाय बसवले, बोल्टाचे प्रत्येक भोक आतून रेझिनने बंद केले, बाकांखाली नवा फोम भरला.

जिवाला जपा

घराच्या अंगणात हे काम करणाऱ्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे. हार्डनर आणि कोबाल्टचे जांभळे द्रावण कधीही एकमेकांत थेट ओतू नये, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवावे, हार्डनर नंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. लगेच भरपूर पाण्याने धुवत राहावे आणि दवाखाना गाठावा. चष्मा, हातमोजे आणि मास्क सोडू नयेत. काचेची धूळ अंगाला खाजवते आणि छातीत जाते, म्हणून ते कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत. आणि मुलांना दूर ठेवावे. भाभीने तर पहिल्याच दिवशी अंगणात दोरी बांधून टाकली होती.

कापलेले जुने फायबर जाळू नये, धूर विषारी असतो. ते कुजतही नाही, वितळून पुन्हा वापरताही येत नाही. म्हणूनच दुरुस्त होणारी होडी फेकून देणे हा मोठा इस्राफ आहे.

पुन्हा पाण्यात

जूनच्या पहिल्या आठवड्यात होडी तलावात गेली. या खेपेला सात जणांनी सहज उचलली. रात्रभर तिथेच ठेवली आणि फजरनंतर भाऊ एकटाच पाहायला गेला. तिथूनच त्याने भाभीला फोन केला, "आत हात फिरवला. कोरडी आहे."

कष्ट आणि खर्च धरला तर होडी नव्यापेक्षा थोडीच स्वस्त पडली, हे लपवून काय करायचे? बांगड्या अजून परत आलेल्या नाहीत. पण ज्यांना अशी होडी घ्यायची आहे त्यांनी आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत होडीसारख्या वैयक्तिक लाभाच्या कामांना सर्वसाधारण गटात ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद ठेवली गेली. योजना चालू आहे का आणि अटी काय, हे विचारूनच पैसा गुंतवावा. प्रत्येक बसणाऱ्यासाठी लाइफ जॅकेट मात्र पहिल्या दिवसापासून हवेच.

दर जुम्याला आपल्या घरांतून सूरह कहफ वाचली जाते. तिच्यात समुद्रावर मेहनत करणाऱ्या गरिबांची एक नाव आहे. हजरत खिज्र तिला मुद्दाम खोट पाडतात, कारण पुढे चांगल्या नावा हिसकावणारा राजा असतो. सगळ्यांना दिसणाऱ्या त्या खोटीमुळे गरिबांची रोजी वाचली. आमच्या होडीची खोट रंगाखाली झाकली होती, आणि तिने चार घरांची रोजी बुडवत आणली होती.

भावाने होडीच्या आतल्या बाजूला, बाकाखाली, दुरुस्तीच्या अकरा जागा काळ्या रंगाने आखून ठेवल्या आहेत. कोणी विचारले तर म्हणतो, "पुढे ज्याच्या हातात जाईल, त्याला कळायला हवे."

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रोजी देवो, तीत बरकत देवो आणि आपल्या सौद्यांत सच्चाई ठेवो. आमीन.