वाकडं पाऊल आणि ‘होईल सरळ’चा धीर

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीसारख्या गावात बाळ वाकड्या पावलाचं जन्मलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘ग्रहणात विळीवर बसली असेल’ आणि ‘तेल लावून चोळा, होईल सरळ’. पहिल्याने आईच्या माथी फुकटचा दोष येतो. ग्रहण पाळण्याची चालच नसलेल्या युरोप-अमेरिकेतही हजारात साधारण एक बाळ अशा पावलाचं जन्मतं, तेव्हा विळीचा इथे काही संबंध नाही. बाळाचं खरं नुकसान करतं ते दुसरं वाक्य, कारण त्यात थोडं तथ्य आहे. गर्भाशयात दाटीने वळलेली काही पावलं काही आठवड्यांत खरोखर सरळ होतात. आजीने पाहिलेलं खोटं नसतं, पण तिने पाहिलेलं पाऊल वेगळं असतं. बोटाने हलकेच वळवलं की जे सहज सरळ रेषेत येतं ते पाऊल बहुधा साधं. टाच वर ओढलेली, तळवा आत वळलेला आणि वळवूनही ताठच राहणारं पाऊल म्हणजे क्लबफूट. ते चोळून जात नाही.

मग ‘एवढ्याशा जिवाला ऑपरेशन?’ अशी भीती पुढे येते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी गेल्या शतकाच्या मध्यात जी पद्धत बसवली, तिच्यात मोठी शस्त्रक्रिया बहुतेकदा लागतच नाही. दर आठवड्याला पाऊल थोडं वळवून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालतात, अशी पाच-सहा प्लॅस्टरं होतात. मग बऱ्याच बाळांत टाचेमागची शीर बारीक छेद देऊन सैल करतात आणि शेवटचं प्लॅस्टर तीन आठवडे ठेवतात. पाऊल सरळ दिसू लागतं आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. चूक होते ती इथेच. दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसातले २३ तास आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालायचे असतात. ‘रडतंय, राहू दे आज’ असं रोज म्हटलं की पाऊल पुन्हा वळतं. दर आठवड्याला धाराशिवला जायचं तर रोजगार बुडतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण उशीर झाला तर फेऱ्या वाढतात, कमी होत नाहीत.

वाकडं पाऊल निदान दिसतं, खुब्याचा सांधा खोबणीत नीट न बसण्याचा जन्मजात दोष तर डोळ्यांना दिसतही नाही. पायाळू जन्मलेल्या बाळांत, मुलींत आणि पहिल्या खेपेला तो अधिक आढळतो. पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधल्याने धोका वाढतो. दुपटं छातीशी नीट असावं, पाय मात्र आत फाकायला मोकळे हवेत. त्या मानाने आपलं कडेवर घेणं खुब्याला चांगलंच. चालायला लागलेल्या पोराचे किंचित बाकदार पाय मात्र बहुधा दोन वर्षांच्या आत आपोआप सरळ होतात, तिथे धीर धरावा.

मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. वाकडं पाऊल आणि खुबा हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत आणि पुढचे उपचार मोफत आहेत. आशाताई बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत घरी येतात. पुढच्या भेटीत त्यांना बाळाचं दुपटं सोडून दोन्ही पाय दाखवा.