वाद्यवृंदांतील मुक्या पट्ट्या

सोलापुराहून निघालेली गाडी होटगी जंक्शनावर विजापुराकडे वळावयाची कीं वाडीकडे, हें ती येण्यापूर्वींच सांधा लावून ठरविलेलें असतें. संगणकावर वाद्यवृंद वाजविणाऱ्या विद्यार्थ्यांस हीच गोष्ट सांगावीशी वाटते. कारण त्यांच्या नाताळगीतांत व्हायोलिन आरंभापासून शेवटपर्यंत एकाच तऱ्हेनें वाजतें व ऐकणारास पेटीचाच भास होतो.

ह्या सॉफ्टवेअरांत खऱ्या वादकांनीं वाजविलेले सूर मुद्रित करून ठेवलेले असतात, आणि तेही अनेक प्रकारांनीं. सुराला सूर जोडून वाजविणें तो लेगाटो, तोडून वाजविणें तो स्टॅकाटो, गज थरथरविणें तो ट्रेमोलो, बोटानें तार छेडणें तो पिझिकाटो. मग एकाच चरणांत एका प्रकारावरून दुसऱ्यावर जावें कसें?

व्हायोलिनची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें 196 कंपनांच्या सुरास लावतात. त्याखालीं तें वाद्य जात नाहीं. म्हणून कीबोर्डाच्या त्याखालच्या पट्ट्या रिकाम्या राहतात व त्यांस हें काम दिलेलें असतें. अशी पट्टी दाबली असतां आवाज निघत नाहीं, केवळ प्रकार बदलतो. हिला कीस्विच म्हणतात. बहुधा दुसरी तशी पट्टी दाबीपर्यंत पहिलीचाच अंमल चालतो. सांध्याप्रमाणें तीही सूर येण्याच्या किंचित् आधींच दाबावी. गीत मधूनच सुरू केल्यास मागें राहिलेली आज्ञा संगणकास न पोहोंचण्याचा संभव असतो. यास्तव प्रत्येक कडव्याच्या आरंभीं ती पुन्हां द्यावी. कांहीं जण प्रत्येक प्रकारास स्वतंत्र ट्रॅक देतात. तें निर्धोक खरें, परंतु त्यानें सुरावटीचे तुकडे होतात. मला तें रुचत नाहीं.

कोणता प्रकार कोठें योजावा, हें मात्र पट्टी सांगत नाहीं. गोव्यांतील चर्चच्या संगीतशाळांत मुलें स्वरलिपि शिकत: सुरावर टिंब म्हणजे तोडून, वर कमान म्हणजे जोडून. त्याच विद्येवर कित्येक गोवेकर मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत नांवारूपास आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे त्यांपैकीं एक. प्रसिद्ध संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. संगणकीय वाद्यें आल्यावर, विशेषतः 1990 नंतर, अशा ताफ्यांचें काम फार घटलें. ज्या खुणा पाहून वादकाचा हात आपोआप वळे, त्या आतां एकट्या मुलानें पट्ट्यांनीं द्यावयाच्या आहेत.

तेव्हां प्रथम जुन्या चित्रपटगीतांतील व्हायोलिनें कान देऊन ऐकावीं, आपल्या गीताच्या कागदावर टिंबें व कमानी मांडाव्या, आणि मगच मुक्या पट्ट्यांस हात लावावा.